पानफुटीचा घास

शेजारणीच्या कुंडीत पानफुटीला लालसर फुलांचे घोस लोंबताना दिसले आणि मला सिरसाळ्याजवळचं माझं सासर आठवलं. मी तिथं नवी सून होते. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, कडबा संपला होता आणि दूधच नसल्यामुळं गावची दूध सोसायटी बंद पडली होती. रानात हिरवं असं काही उरलं नव्हतं. आटलेल्या विहिरीच्या दगडांतून उगवलेली पानफुटी तेवढी फुलून आली होती. आमच्या गाईच्या बरगड्या वर आल्या होत्या. एका दुपारी सासूबाईंनी ती पानफुटी फुलांसकट उपटून पदरात आणली आणि गाईला हातानं चारली. "खा माय, लई दिवसांनी हिरवं हाय," त्या म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी गाय बसली ती उठलीच नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी गव्हाणीत उरलेली फुलं पाहिली आणि सासऱ्यांना बाजूला नेऊन सांगितलं, "हे जनावराला विष असतं. काळीज बंद पडतं." मी घागर घेऊन जवळच उभी होते. सासरे माझ्याकडं वळून हळू म्हणाले, "तिला सांगू नको बाई. उन्हानं गेली म्हणायचं." सासूबाई गाईच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. "मरताना तरी हिरवं खाल्लं बिचारीनं," असं त्या पुढं कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि सासरे तेवढ्यात उठून अंगणात जायचे. आता दोघंही नाहीत. आम्ही गप्प राहिलो ते बरंच केलं, असं मला अजून वाटतं.