तीन आठवड्यांनंतरचं रक्त

आजारी पोर दवाखान्यात आणायला आईबाप पार छिंदवाड्याकडूनही येतात. बरं झालेलं पोर दाखवायला गल्लीपलीकडूनही कोणी येत नाही. माझी उमेदीची वर्षं या एका गोष्टीवर डोकं आपटण्यात गेली आणि मला त्याचा राग आहे. आधीच सांगून ठेवते, मागाहून कोणी म्हणायला नको की बाई फार कडवट बोलते.

मी मुलांची डॉक्टर. त्यातही मुलांचे साथीचे ताप हा माझा विषय. आमच्याकडे श्रावण सरून तान्हा पोळा झाला की हे ताप सुरू होतात ते दिवाळीपर्यंत पुरतात. पोरगं चार दिवस फणफणतं, पाचव्या दिवशी झटके येतात, मग गावातला डॉक्टर म्हणतो, नागपूरला न्या. आमच्या वॉर्डात पोचेपर्यंत ताप डासाचा, झुडपातल्या किड्याचा की आणखी कशाचा, हे शोधत बसायला वेळ नसतो. आम्ही सगळ्यांवरची औषधं एकदम सुरू करतो. बहुतेक पोरं वाचतात. काही नाही वाचत. आणि कोण कशानं आजारी पडलं होतं, हे पुढच्या पोळ्यालाही आम्हाला माहीत नसतं.

ते कळावं म्हणून आमचा प्रकल्प होता. पोर भरती झाल्याबरोबर एक रक्त घ्यायचं आणि तीन आठवड्यांनी दुसरं. दोन्ही शेजारी ठेवून तपासली की अंगानं कोणत्या जंतूशी मारामारी केली ते समजतं. नुसत्या पहिल्यावरून ठामपणे काही सांगता येत नाही. एकदाच वजन करून पोर वाढतंय की नाही, हे कळतं का? दोन वजनं लागतात. तसंच हे.

घोडं अडायचं ते दुसऱ्या रक्तापाशी. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी पाया पडणारी, 'मॅडम, तुमीच आमचे देव' म्हणणारी माणसं तीन आठवड्यांनी फोन उचलत नसत. उचललाच तर, 'शेतात हावो', 'शाळा बुडते', 'आता तं चांगली हाये न जी, मंग काहून टोचता?' गरज सरो, वैद्य मरो ही म्हण ज्यानं काढली तो नक्की असलाच काही प्रकल्प चालवत असणार. एका वर्षी मी टूम काढली की दुसऱ्या रक्ताला येणाऱ्या पोराला कंपासपेटी द्यायची. नैतिकता समितीनं हरकत घेतली, म्हणे हे आमिष होतं. मी विचारलं, कंपासपेटीसाठी कोणी पोराच्या हातात सुई टोचून घेतं का हो? ते म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं. उत्तर आलं तोवर हंगाम संपला होता.

माझी नेमणूक अकरा महिन्यांची. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं आणि बाराव्या महिन्यात पुन्हा नवीन माणसासारखं रुजू व्हायचं. अशी किती वेळा 'नवीन' झाले, ते मोजणं मी सोडून दिलं. माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण धंतोलीत स्वतःचं मुलांचं हॉस्पिटल चालवते. वाईट नाही ती. भेटली की गळ्यात पडते आणि विचारते, 'काय गं, अजून रक्तच गोळा करतेस का? ये ना माझ्याकडे.' मी हसून घालवते आणि घरी येऊन भांडी आपटते. दरवर्षी डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलींपैकी एखादी माझ्या टेबलाशी येऊन म्हणायची, मॅडम, मला याच विषयात काम करायचंय, जागा कुठे निघतात? मी तिला चहा पाजायची. जागांबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

शेवटच्या वर्षी वरून निरोप आला. ठरलेल्या जोड्या हंगाम संपेपर्यंत पुऱ्या झाल्या तर मुदत वाढेल. नाही तर प्रकल्प बंद, आणि त्याबरोबर माझी जागाही. जोडी म्हणजे एकाच पोराचं पहिलं आणि दुसरं रक्त. पहिल्या रक्तांनी फ्रीजर गच्च भरला होता. दुसरी मात्र बोटावर मोजण्याइतकी. म्हटलं, ते येत नाहीत ना, मग आपणच जाऊ. आमचे टेक्निशियन निवृत्तीला आलेले, माझ्याहून शांत. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन ते गाडीत बसायचे आणि मी रस्ताभर चिडचिड करायची.

असेच खाप्याला गेलो. नऊ वर्षांची मुलगी, आमच्याकडे झटके येत असताना आलेली, अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. तिची आई घरीच ब्लाउज शिवते. मशीन थांबवून ती बाहेर आली. पाणी दिलं, चहा टाकला, आणि सुईचं नाव काढताच ताठरली.

'आता काहून जी? पोट्टी तं मस्त शाळेत जाऊन राहिली.'

टेक्निशियन म्हणाले, 'अवं ताई, एवढंसंच घेतो. मुंगी चावल्यासारखं.'

'थे समजलं. पण पहिल्या रक्तात काय निघालं, थे सांगा.'

मी माझं ते दोन वजनांचं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं, आत गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. त्यात डिस्चार्ज कार्ड होतं आणि आमच्या संमतीपत्राची प्रत होती. ही प्रत आम्ही प्रत्येकाला देतो. ती कोणी जपून ठेवेल, असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, 'तपासणीचे निष्कर्ष पालकांना कळविण्यात येतील.' मग माझ्याकडे पाहून म्हणाली, 'इथं तं लिवलं हाये.'

ते वाक्य माझंच. म्हणजे लिहिलं कसलं, समितीला लागतं म्हणून आधीच्या प्रकल्पाच्या कागदातून उचललं होतं. इतक्या वर्षांत कितीतरी आईबापांच्या सह्या त्याखाली घेतल्या, आणि निष्कर्ष म्हणाल तर एकाही घरी कळवला नव्हता. मला कोणी विचारलंच नव्हतं. मी आपली 'लोक परत येत नाहीत' म्हणून बोंबलत होते.

'कळवू ना,' मी म्हटलं. 'दिवाळीपर्यंत नक्की कळवू.'

तपासणीचे किट अजून आले नव्हते, हे मला माहीत होतं. टेक्निशियनांनाही माहीत होतं. ते डब्यातला बर्फ नीट करू लागले.

'अन् औषध तं तुमी तवाच देल्लं. मंग हे रक्त कोनाच्या कामाचं?'

'पुढच्या मुलांच्या. पुढच्या वर्षी अशी पोरं आली की नेमकं काय आहे ते आम्हाला कळेल.'

तिनं प्रत पिशवीत परत ठेवली. मग तिनं हाक मारली, 'ये वं, हात दे मॅडमले.' पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. तिची पाच-सहा वर्षांची धाकटी बहीण दारात उभी राहून बघत होती. रक्त घेतलं आणि मी खुशीत परतले. एक जोडी वाढली होती ना! लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही.

पुढची गोष्ट सरकारी कागदांची आहे, थोडक्यात सांगते, नाही तर माझंच डोकं फिरतं. किटसाठी तीन दरपत्रकं मागवली. एक कमी पडलं, पुन्हा मागवली. किट आले तर त्यांची मुदत संपत आलेली, म्हणून परत केले. मधल्या काळात हंगाम संपला. जोड्या कमी पडल्या. दोन ओळींचं पत्र आलं, प्रकल्प समाप्त. नमुने पुढील आदेशापर्यंत जतन करावेत. पुढील आदेश कोण देणार, ते पत्रात नव्हतं. टेक्निशियन निवृत्त झाले. दवाखान्यात माणसं कमी होती म्हणून मला ओपीडीत ठेवून घेतलं, अकरा महिन्यांवर. संशोधन म्हणून माझ्या हाती उरलं ते एका फ्रीजरचं कुलूप.

खाप्याहून फोन यायचा. दिवाळी झाल्यावर आला, 'मॅडम, रिपोर्ट आला का जी?' मी म्हटलं, येतोच आहे. संक्रांतीनंतर आला, मी म्हटलं, थोडे दिवस. उन्हाळ्यात आला तेव्हा मी तो वाजू दिला. पुढेही तसाच वाजू दिला. जे फोन उचलत नाहीत त्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, आणि शेवटी मीही तेच केलं.

पुढच्या तान्ह्या पोळ्यानंतर आठवड्याभरात ओपीडीच्या रांगेत ती दिसली. कडेवर धाकटी, डोळे लाल, अंग तव्यासारखं. मला वाटलं, आता ही फोनांबद्दल बोलणार. ती त्यातलं काही बोलली नाही.

'काल रातच्यानं ताप हाये. म्या थांबलीच नाही, पहिल्याच गाडीनं आली. मॅडम, मोठीले झालं होतं थेच हाये का हे?'

'बघावं लागेल.'

'मोठीले काय झालं होतं?'

मी पोरीच्या पोटावर हात ठेवून यकृत चाचपत राहिले. ते एकदा चाचपून झालं होतं, तरी पुन्हा चाचपलं.

'थे पुढच्या पोराईसाठी म्हनत होते न तुमी,' ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, विचारत होती फक्त. 'हे पुढचीच पोरगी हाये न जी.'

मी भरतीचा कागद लिहिला. सगळ्यांवरची औषधं सुरू केली, मोठीला दिली होती तीच, तशीच, अंदाजानं. एका वर्षात मी एका अक्षरानंही शहाणी झाले नव्हते. मला इतका संताप आला होता की पेननं कागद फाटला. त्या पत्रावर आला, दरपत्रकांवर आला, आणि सगळ्यात जास्त त्या बाईवर आला. का, तर ती बरोबर बोलत होती.

आई पहिल्याच दिवशी घेऊन आली, म्हणून धाकटीला झटके आले नाहीत. चौथ्या दिवशी ती पलंगावर बसून पोहे खात होती. त्यात माझ्या विद्येचा काही भाग नव्हता. आईला वर्षभर आठवण होती, त्या आठवणीचा होता.

धाकटीला घरी सोडलं त्या दिवशी ओपीडी ओसंडून चालली होती. तिचं कार्ड मी उभ्या उभ्याच लिहिलं, औषधं समजावली, आणि जिभेला वर्षानुवर्षांची सवय, आपोआप बोलून गेले, 'आणि तीन आठवड्यांनी या, दुसऱ्या रक्ताला. विसरू नका.' बोलले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. प्रकल्प बंद झालाय, हिचं पहिलं रक्तही कोणी घेतलेलं नाही, हे डोक्यात आलंच नाही. काय बोलले ते मला ऐकूही आलं नाही.

बरोबर तीन आठवड्यांनी, सकाळी, ओपीडी उघडायच्या आधी त्या दोघी माझ्या दाराबाहेर बाकड्यावर बसलेल्या होत्या. धाकटीला नवा फ्रॉक होता, दोन वेण्या घातल्या होत्या. मला पाहताच तिनं स्वतःच बाही वर सारली आणि हात पुढे केला. 'मी रडत नाही,' ती म्हणाली. 'ताई रडली होती.'

आई म्हणाली, 'आज तारीख होती न जी. शिलाई ठेवून आली. तुमी म्हनलं होतं विसरू नका.'

इतकी वर्षं मी अशा एका आईची वाट पाहिली होती. बरं झालेलं पोर घेऊन, आपणहून, दिलेल्या दिवशी येणारी. मी तिच्या शेजारी बाकड्यावर बसले आणि सगळं सांगितलं. प्रकल्प बंद झाला. धाकटीचं रक्त आता कोणी तपासत नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून चुकून गेलं. मोठीची दोन्ही रक्तं कधी तपासलीच गेली नाहीत, आणि दिवाळीचं मी खोटं बोलले होते. माफ करा, असंही म्हटलं.

तिनं पोरीची बाही खाली ओढून नीट केली.

'मोठीचं कुठं हाये?'

'इथेच. वरच्या मजल्यावर, फ्रीजरमध्ये. बर्फात.'

'तपासत नाही म्हनता. मंग वापस द्या.'

मी म्हटलं, 'ते देता येत नाही. नियम नाही. ते आता तुमचं नाही.'

'मंग कोनाचं हाये जी?'

ओपीडीचं दार उघडलं, लोक आत घुसायला लागले, कोणीतरी मला हाक मारली. ती उत्तराची वाट पाहत बसून होती.