हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

सर्वेक्षणाला लोक कंटाळतात असं सगळेच म्हणतात. तोच प्रश्न दिवसभर विचारत फिरणारी बाई किती कंटाळते, हे कुठल्या सर्वेक्षणात येत नाही.

मी पत्रकांवर वाढले. वडील चळवळीतले; घरात धान्याच्या कोठीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी अक्षरं लावायला शिकले ती त्यांच्यावरच. पत्रकात कुणी भीडभाड ठेवत नाही. मागणी काय, कुणाकडे आणि ती पुरी झाली नाही तर काय, सगळं स्वच्छ लिहिलेलं असतं. त्यामुळे आळेफाट्याच्या एका आरोग्य संस्थेत लोकांची मतं गोळा करायची नोकरी मिळाली, तेव्हा मला वाटलं, लोक मागणी सांगतील, मी ती वर पोहोचवीन.

संस्थेची फिरत्या दवाखान्याची गाडी आंबेगावच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवर जाते. गाडी बोलवायला एक फोन नंबर होता. गॅरेजच्या वरच्या आमच्या ऑफिसात एक बाई फोन उचलायच्या आणि कोण आजारी, कुठली वाडी, गोळ्या कधी संपल्या, सगळं विचारून घ्यायच्या. मग ॲप आलं. लोकांना ॲप आवडलं तर नंबर बंद करायचा, असं ठरलं. आवडलं की नाही ते मी विचारून यायचं होतं. टॅबवर एकच प्रश्न: ‘ॲप वापरताना तुम्हाला कसं वाटलं?’ खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.

वाडीमागून वाडी झाली. सगळ्यांनी हसऱ्यावर बोट ठेवलं. ऑफिसातले आमचे सर खूश होते. मी मात्र रोज जास्त दमत होते, कारण ज्या वाडीत माझ्याच फोनला रेंज नव्हती तिथेही सगळे हसत होते.

आहुप्यात एका घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात हिरडा वाळत पडलेला. घरात एक वहिनी आणि त्यांचे सासरे. म्हाताऱ्यांना बीपीच्या गोळ्या चालू, आणि त्या आमच्याच गाडीतून यायच्या. वहिनींनी देवापाशी दिवा लावला, मला चहा दिला आणि प्रश्न पुरता ऐकायच्या आधीच हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

मी टॅब खाली ठेवला. म्हटलं, वहिनी, हे राहू द्या. मागच्या खेपेला गाडी कशी बोलावली तेवढं सांगा.

मग सगळं बाहेर आलं. फोन नवऱ्याकडे, नवरा टोमॅटोच्या कामाला नारायणगावला. शेजारणीचा फोन घेऊन त्या रेंजसाठी वर कड्यापर्यंत गेल्या. ॲप गोल गोल फिरत राहिलं. शेवटी कंटाळून जुना नंबर लावला, बाईंनी उचलला, गाडी आली.

‘‘मग हसऱ्यावर बोट का ठेवलंत?’’

‘‘ताई, तुमी एवढ्या लांबून आला. रडकं तोंड दाखवून कसं पाठवायचं? आन दिवा लागलाय आत्ताच. या येळेला रडक्याला बोट लावत न्हाईत.’’

म्हातारे खाटेवरून म्हणाले, ‘‘त्ये रडकं तर आमच्या व्याह्यावानी दिसतंय. त्याला कोन हात लावनार, राव?’’

आम्ही तिघं हसलो. मग मी सांगितलं की सगळ्यांनी असंच केलं तर तो नंबर बंद होणार आहे. वहिनींचं हसू मावळलं. त्यांनी सासऱ्यांकडे बघितलं. म्हणाल्या, ‘‘मंग यांच्या गोळ्या?’’

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तावातावानं बोलले. चेहरे खरे नाहीत, म्हटलं. सरांनी शांतपणे विचारलं, ‘‘म्हणजे लोक खोटं बोलतात?’’

‘‘खोटं नाही सर. पाहुणचार करतात.’’

सर वाईट माणूस नव्हते. पण त्यांना वर आलेख पाठवायचा होता, आणि आहुप्याच्या कड्याचा आलेख होत नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी डोंगराकडच्या गावांत नव्यानं विचारायची परवानगी मिळाली. चेहरे काढून टाकले. नवा प्रश्न: ‘शेवटची गाडी कशी बोलावली?’ तोवर नंबर चालू.

पुन्हा त्याच एसट्या, धरणाच्या कडेनं तेच वळणाचे रस्ते. ज्यांनी हसऱ्यावर बोट ठेवलं होतं त्यांना पुन्हा भेटायचं, पुन्हा चहा घ्यायचा. काही जणांना वाटलं, मागच्या वेळी आपलंच काही चुकलं, आणि ते अपराध्यासारखे बसले. त्यांची समजूत घालण्यातच अर्धा दिवस जायचा. पण लोक बोलले. बहुतेकांनी गाडी नंबरावरूनच बोलावली होती.

निर्णय आला. डोंगराकडच्या गावांसाठी नंबर पावसाळाभर राहील, बाकीकडे बंद. पावसाळ्यानंतर पुन्हा सर्वेक्षण.

निर्णय सांगायला आहुप्याला गेले. वहिनी हिरडा पोत्यात भरत होत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं. गाडीतून या महिन्याच्या गोळ्या आल्या होत्या.

‘‘म्हंजी पावसाळा निघंल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आन फुडं?’’

मी म्हटलं, पुन्हा विचारायला येईन. त्यांनी मान हलवली आणि पोत्याचं तोंड माझ्याकडे दिलं. त्या ओंजळीनं हिरडा भरत राहिल्या, मी तोंड धरून उभी राहिले.