वाढपी वासुदेवराव

चार माणसं बरीच वर्षं एकत्र खरकट्या पत्रावळी उचलत असली, की त्यांच्यात किस्से आपोआप साठतात. आमचे तर इतके साठलेत, की कोणी नुसतं "मीठ!" म्हणालं तरी आम्ही हसत सुटतो आणि आमची ही आतून ओरडते, "झालं यांचं सुरू!"

ऐंशीच्या आसपासची वाशी. बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या, पण हॉल नव्हते, केटरर परवडायचे नाहीत आणि नातेवाईक सगळे खाडीपलीकडे. मग बारसं असो की साखरपुडा, गच्चीवर नाहीतर खाली आवारात पंगत बसायची आणि वाढायला आम्ही शेजारी. आमच्या टोळीचे कॅप्टन कांबळे. मूळचे खेडचे, तुर्भ्याला एका कंपनीत फिटर, आवाज असा की माइक नको. त्यांच्या हाताखाली नाना आणि मी, दोघंही सरकारी कारकून.

आणि वासू. तिशी ओलांडलेला, बुद्धीने जरा मागे राहिलेला. लोक तेव्हा सरळ 'मंदबुद्धी' म्हणायचे, आणि तेही त्याच्यासमोर!

*

वासू आमच्यात आला तो कांबळ्यांमुळे. त्याची आई कुसुमताई, एकटी बाई. घरी पाहुणे यायचे असले की वासूची रवानगी उरणला मामाकडे. बिल्डिंगमध्ये कार्य असलं की तो गॅलरीत उभा राहून नुसता बघायचा.

एकदा कांबळ्यांनी खालून हाक मारली, "अहो वासुदेवराव! हात मोकळे आहेत का?"

कुसुमताई घाईघाईने बाहेर आल्या. "त्याला नाही हो जमणार."

"आमाला तरी कुठं जमतंय, ताई!"

पाच मिनिटांत वासू खाली. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पण केस चापूनचोपून बसवलेले.

*

नानांनी त्याला कामं सांगितली. आधी मीठ, मग लिंबू, चटणी डावीकडे, कोशिंबीर नंतर, आणि हो, पानाला पाय लावू नकोस. वासू जागच्या जागी थिजला.

कांबळ्यांनी नानांना बाजूला केलं आणि त्याच्या हातात मिठाची वाटी दिली. एका पानावर स्वतः वाढून दाखवलं. "असं. सगळ्यांना."

वासूने सगळ्यांना वाढलं. अगदी नीट, शेवटच्या पानापर्यंत. मग पहिल्या पानाशी येऊन पुन्हा सुरुवात केली! आम्ही भाताच्या गडबडीत. तिसऱ्या फेरीला एक आजोबा कळवळून म्हणाले, "अरे, मिठागरात जेवायला बसवलंय की काय आम्हाला?"

नाना वासूवर खेकसणार, तेवढ्यात कांबळे म्हणाले, "थांबायचं कधी, ते आपण कुठं सांगितलं?"

त्या दिवसापासून वासूला काम सांगताना ते कुठे संपतं तेही सांगायचं ठरलं. ऑफिसात माझ्या साहेबाने एवढं केलं असतं तर माझं अर्धं टेन्शन गेलं असतं.

*

हळूहळू वासू जिलबीपर्यंत पोचला. आणि तिथे घोटाळा झाला!

साखरपुडा होता. मुलाचे काका मानाने बसलेले. वासूने विचारलं, "जिलबी?" काका पानावर हात आडवा धरून लाजत म्हणाले, "नको, नको."

वासू पुढे गेला.

काका बघतच राहिले. आपल्यात 'नको' म्हटल्यावरच तर खरा आग्रह सुरू होतो! मुलीचे वडील घाबरून धावले, "अरे, त्यांना वाढ ना!"

"ते नको म्हणाले," वासू म्हणाला.

सगळी पंगत काकांकडे बघायला लागली. शेवटी काकांनी स्वतःच हाक मारली, "ओ वाढपी! इकडे. चार द्या!"

*

अशाच एका कार्यात एका शिकल्यासवरल्या बाईंनी, वासू टोपली घेऊन शेजारीच उभा असताना, कांबळ्यांना विचारलं, "याला समजतं का हो बोललेलं? याला गोड आवडतं?"

कांबळे म्हणाले, "मला काय म्हाईत! त्याला विचारा. तो बोलतो."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. वासू म्हणाला, "श्रीखंड आवडतं."

*

वासू काही देवमाणूस नव्हता. एकदा कोणीतरी त्याच्या हातातली टोपली ओढून घेतली, तर हा भर पंगतीतून तणतणत घरी. दुसऱ्या दिवशी कांबळ्यांनी त्याला असा झापला, की कुसुमताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्याला नका हो ओरडू, त्याला कळत नाही."

"ताई, काल नाना असा पळाला असता तर त्याला ओरडलो नसतो का? माझा माणूस आहे तो." मग वासूकडे वळून, "राग आला तर यायचा. पण सांगून जायचं!"

पुढच्या कार्यात भाताच्या वेळी वासू कांबळ्यांसमोर उभा. "मला राग आलाय. घरी जातो."

आणि गेला!

*

सारसोळ्याची पार्वतीबाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. मुलाच्या हळदीला वाढायला तिने आम्हाला बोलावलं. नानांनी हळूच विचारलं, "वासूला आणलं तर चालेल ना? गर्दी असेल."

पार्वतीबाईने टोपली खाली ठेवली. "त्यो नाय आला, तं तुमीपन येव नका."

*

कुसुमताईंचा एकच घोर होता, माझ्यामागे याचं कसं? मोठा मुलगा नाशिकला बँकेत. तो नेईल, असं म्हणायच्या आणि म्हणताना पदराशी चाळा करायच्या.

त्या गेल्या. दिवसकार्य उरकून तो मोठा मुलगा, वासूचा दादा, नाशिकला परतला. पुढे दोनेक महिने वासू आपल्याच घरी झोपायचा आणि जेवायला आमच्यापैकी कोणाकडे तरी असायचा. मग दादा आला, घराला कुलूप लावून त्याला न्यायला.

दादा वाईट माणूस नव्हता. नवराबायको दोघं नोकरीला. "दिवसभर रेडिओ लावून देऊ, बाहेरून कुलूप घालू. काही काळजी नको," तो आम्हाला म्हणाला. मला ते मुळीच पटलं नाही. पण सख्ख्या भावाला आम्ही कोण सांगणार?

दादाने वासूची बॅग भरली. "चल वासू. मला आजच्यापुरतीच सुट्टी आहे."

वासू कॉटवरून हलला नाही. "तुला सुट्टी मिळाली?"

"हो."

"मला नाही मिळाली. परवा पाटलांकडे बारसं आहे."

दादाने कांबळ्यांकडे बघितलं. कांबळे म्हणाले, "ड्यूटी त्याची आहे. मी काय बोलू?"

दादा बॅगेवरच बसला. मग त्याने विचारलं, "किती माणसं आहेत रे बारशाला?"

"खूप," वासू म्हणाला. मग दादाकडे जरा निरखून बघत म्हणाला, "तू पण ये वाढायला. तू पाणी दे. सोपं असतं."