हात भरला म्हणून सगळे खूश होते

“हा लिम्फेडेमा आहे,” डॉक्टरबाई माझ्या उजव्या हाताला मापाचा टेप लावत म्हणाल्या. मी एकच विचारलं, “म्हंजे परत आलाय व्हय?”

“कॅन्सर नाही हा.” नवऱ्यानं श्वास सोडला, तोवर त्यांनी पुढचं सांगून टाकलं. “पण हा पूर्ण बरा होत नाही. आयुष्यभर सांभाळायचा.”

स्तनाच्या ऑपरेशनात माझ्या काखेतले लिम्फ नोड, म्हणजे बारक्या गाठी, काढल्या होत्या. वर रेडिएशन झालं. हातातलं पाणी वर न्यायची वाट त्यात बंद पडली, आणि मोरी तुंबावी तसं ते हातात साठत राहिलं. हाच लिम्फेडेमा.

चीड याची येते की तो आम्हाला दिसत होता. केमोत माझी नुसती हाडं राहिली होती. त्यामुळं हात भरायला लागला तसं घर हरखलं. धाकटी जाऊ म्हणायची, “अक्का, अंग धरलं की तुमी.” मलाही बरं वाटायचं. ब्लाउजची उजवी बाही दाटली, तर शिंप्याकडनं तेवढ्याच बाहीची शिवण उसवून आणली. संध्याकाळी हात जड व्हायचा, तो भाकऱ्या थापून झाला असेल म्हणून सोडून दिला. मंगळवार पेठेत घरातच माझं भाकरीचं दुकान होतं. पोरींची शिक्षणं त्यावर झाली.

मग पुतणीचं लग्न निघालं. नेहमीच्या बांगडीवाल्या चाची चुडा भरायला घरी आल्या. डाव्या हातात बांगड्या सरसर गेल्या, उजव्यात अडल्या. “वैनी, तब्येत सुदारली की वो,” म्हणून त्याही हसल्या. दोन हातांना दोन मापं कशी चालतील? साबण लावून, दाबून त्याच मापाच्या चढवल्या. एक पिचकली, मनगटावर ओरखडा उठला. हळद दाबली आणि कामाला लागले.

लग्नाआधीच थंडी वाजून ताप भरला. हात कोपरापर्यंत लालभडक, बोट लावू देईना. हा सेल्युलायटिस, म्हणजे कातडीत पसरलेला जंतुसंसर्ग. पाणी साठलेल्या हातात तो लवकर फैलावतो. भरती केलं, सलाईन डाव्या हाताला लावलं, आणि नर्स म्हणाली, बांगड्या काढा. त्या सुजेत रुतल्या होत्या. जाऊ आडवी आली. “सवाशिणीच्या बांगड्या फोडायच्या न्हाईत. लग्नघर हाय.”

नवरा कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. “मी जित्ता हाय न्हवं? मीच फोडतो.” खाली ओला रुमाल सारून एकेक बांगडी त्यानं चिमट्यानं फोडली. माझ्या तोंडाकडं बघत नव्हता. मी ढसाढसा रडले.

ताप उतरल्यावर डॉक्टरबाईंनी तो मापाचा टेप लावला. “बाही दाटली तेव्हाच यायला हवं होतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तेव्हा सूज लवकर आटोक्यात येते.” मी म्हटलं, “केमो संपली तवा हे कुणी सांगितलं न्हाई आमाला.”

आधी पट्ट्या बांधल्या. मग कॉम्प्रेशन स्लीव्ह आली, म्हणजे हात दाबून धरणारी घट्ट बाही. मालीश हलक्या हातानं, फिजिओथेरपिस्टनं दाखवल्याप्रमाणंच. तव्याची धग आणि तासन्‌तास थापणं बंद. मी ऐकलं नाही, दोनदा करून बघितलं. दोन्ही वेळा हात फुगला. दुकान बंद केलं.

बायांनो, ऑपरेशन झालेल्या बाजूची अंगठी, बाही, बांगडी दाटली तर दोन्ही हात शेजारी धरून बघा आणि तडक डॉक्टरकडं जा. कुणी तब्येत सुधारली म्हणालं तरी जा.

ती घट्ट बाही चढवायला रोज सकाळी नवरा मदत करतो. त्याचे उपकार मी कशानं फेडू? बाकीचे म्हणतात, जीव वाचला, पुष्कळ झालं. मला पुष्कळ वाटत नाही. जुनं गिऱ्हाईक अजून दारातनं परत जातं. पण माझी वेणी मी घालते, माझा घास मी खाते. दुकान गेलं, हात राहिला.