पहिल्या बास्केटपर्यंत

ब्रिस्टलमधल्या आमच्या बास्केटबॉल क्लबने त्या सीझनला एक अमेरिकन आणला. कुठल्याच क्लबशी करार नसलेला मोकळा खेळाडू. क्रीडासंकुलाच्या दारातून वाकून आत यायचा इतका उंच. त्याला जागा करायला क्लबने आमच्या गार्डला, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणाऱ्या खेळाडूला, काढलं. आमच्या म्हणजे खरोखरच आमच्या. तो मूळचा ब्रिस्टलचा, आणि दर शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या मुलांना फुकट शिकवायचा.

मंडळ चालवणाऱ्या काकांच्या घरी चहावर कडाक्याचं भांडण झालं.

"मग हुकलेले चेंडू, रिबाउंड, कोण घेणार? तुझी तत्त्वं?" माझ्या ऑफिसातला मित्र म्हणाला. "गेल्या सीझनला तळाला होतो आपण."

"घरचा माणूस काढून वर जायचं असेल तर तळ बरा," मी म्हणाले.

"बाई गं, तू स्वतः वर्क परमिटवर आलीस. तू पण इम्पोर्टच की!"

सगळे हसले. "मला आणायला कुणाला काढलं असेल," मी म्हटलं, "तर त्याच्यासाठीही पत्रक काढेन."

नागपूरला बाबांच्या युनियनची पत्रकं घड्या घालता घालता मी वाचायला शिकले होते. गार्डसाठी पाच ओळींचं पत्रक लिहिलं. सामना सुरू झाला की आपला पहिला बास्केट होईपर्यंत सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या, ही क्लबची रीत. नव्या खेळाडूच्या पहिल्या सामन्याला आपण बसून राहू, एवढंच माझं मागणं होतं. काकांनी स्वतः फोटोकॉपी काढल्या. "शब्द दिला म्हणजे दिला, पोरी," म्हणाले. मित्रसुद्धा कबूल झाला.

सामन्याला गार्ड आईला घेऊन आमच्या मागच्याच रांगेत बसला होता. शिट्टी झाली, सगळा हॉल उभा राहिला, आम्ही बसलो. पहिला शॉट हुकला, दुसराही. टाळ्या वाढत गेल्या. तिसरा हुकला तेव्हा नव्या खेळाडूने दोघांच्या डोक्यांवरून तो चेंडू उचलला, आणि माझा मित्र उठला. मग मंडळाची अख्खी रांग. चेंडू जाळीतून पडला तेव्हा तिघंच बसलो होतो: मी, गार्ड आणि त्याची आई.

"पैसे वसूल!" मित्र ओरडला.

तेवढं मी गिळलं असतं. मध्यंतरात काकांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. मला वाटलं, वडे असतील. ते तडक कोर्टच्या मध्यावर गेले आणि पिशवीतून शाल आणि नारळ काढला. त्या अमेरिकनाला शाल पांघरवायला काकांना खुर्चीवर चढावं लागलं. नारळाचं काय करायचं हे त्या बिचाऱ्याला कळेना. टाळ्या कडाडल्या. मागे वळून बघायचं माझं धाडस झालं नाही.

"अगं, नव्या माणसाचं स्वागत करतो आपण," काका परत येऊन म्हणाले. "त्याचा काय दोष?"

"त्याचा नाहीच. शब्द तुमचा होता, काका."

"जिंकतोय ना पण?" मित्र म्हणाला.

जिंकलो.

शनिवारी गार्ड शाळेच्या हॉलवर आला तो ट्रॅकसूट न घालता. कार्डिफचा एक क्लब त्याला घेत होता आणि सराव शनिवारीच. हॉलची किल्ली आणि चेंडूंची जाळी माझ्याकडे देऊन, प्रत्येक मुलाशी हात मिळवून तो गेला.

काका गाडी लावून धापा टाकत आले. "गेला? सांगायचंस तरी! त्याचाही सत्कार केला असता."

मी किल्ली त्यांच्यापुढे धरली. "ही तुमच्या शालवाल्याला द्या. मुलं थांबली आहेत."

काकांनी हात पुढे केला नाही. "त्याला कुठे वेळ असणार गं शनिवारी?" म्हणाले.