हो येईपर्यंत

आमच्या ग्रामीण रुग्णालयात मी नव्या सिस्टरांना शिकवत होते. आधीच्या बाळंतपणात धास्तावलेल्या बाईला हात लावण्याआधी विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची, एवढाच त्या दिवसाचा धडा होता.

दुपारी बोरीकडची एक बाई कळा घेत आली. पहिल्या खेपेला दुसऱ्या दवाखान्यात तिनं चापट खाल्ली होती. आता ती गुडघे जुळवून सासूला म्हणत होती, "मला घरी न्या." नेली असती तर वाटेतच बाळंत झाली असती.

मी "तपासू का?" म्हटलं आणि हात लावला. तिनं अंग आखडून घेतलं.

"मॅडम, इचारलं तुमी," सगळ्यांत नवी सिस्टर हळूच म्हणाली, "पर तिनं हो कुठं म्हटलंय?"

चोवीस वर्षांची सवय होती ती. मी हात मागं घेतला, पुन्हा विचारलं आणि मनात आकडे मोजत थांबले. सव्वीसवर ती म्हणाली, "एवढी कळ जाऊ द्या."

सासू म्हणाली, "आता दवाखान्याला बी परवानगी लागायली का?"

"लागती, आत्याबाई," सूनच म्हणाली.

तपासताना तिनं दोनदा थांबवलं, मी दोनदा थांबले. एरवीपेक्षा चार मिनिटं जास्त गेली. पाचच्या आत मुलगी झाली, दोन किलो आठशे ग्रॅमची.

सकाळी तिनंच हाक मारली, "बाई, टाका दुखायलाय, बघता का?"

मी खाटेजवळ जाऊन विचारलं, "बघू का?"

ती हसली. "मीच बोलावलंय की तुमाला."