डॉक्टरांचं सूतक

डॉ. यशवंत पोतनीस सरकारी डॉक्टर होते, पण एकेका वेळी तीनच महिने.

जव्हार संस्थान विलीन झालं. राजाचे दवाखाने सरकारजमा झाले. मोखाड्याच्या डोंगरातल्या दवाखान्याला कायमचा डॉक्टर मिळेना, तेव्हा पेणच्या पोतनीसांना हंगामी नेमलं. हंगामी माणसानं उद्या कायमपणाचा हक्क सांगू नये, म्हणून नेमणुकीच्या दोन हुकुमांच्या मधे कचेरी एक दिवस कोरा ठेवी. त्या दिवशी पोतनीस डॉक्टर नसत. रोग्याला हात लावला तर पुढचा हुकूम नाही, अशी तंबी होती. पेणला त्यांचा स्वतःचा दवाखाना माश्या मारून बंद पडला होता. हुकूम गेला की घरी बसणं आलं.

कोऱ्या दिवशी ते दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहत. दाढीही करत नसत. कंपाउंडर देवराम कपाटाची किल्ली मुठीत धरून समोर बसे.

गावानं हे पाहिलं. दाढी केलेली नाही, तोंड उतरलेलं, औषधाला हात नाही. सुतकात भगतही औषध देत नाही. म्हणजे डॉक्टरांना सूतक.

एका खेपेला तर सकाळीच चार बायका ओट्याखाली बसल्या आणि त्यांनी गळा काढला.

"अहो, कोणी मेलं नाही!" पोतनीस ओरडले.

"दुःख लय मोठां," सुकरी म्हातारी बाकीच्यांना म्हणाली. "कबूल करवत नाय."

"देवराम, समजाव यांना."

"सांगून पाहिलं, साहेब. पण हुकूम समजावण्यापेक्षा सूतक सोपं पडतं."

दुपारी सूर्यमाळहून सावळा आला. बायको बाळी बांबूला बांधलेल्या झोळीत. मूल आडवं, कळा थकलेल्या. मागे जिवा भगत. त्याचे सगळे उपाय करून झाले होते.

पोतनीस उठले. "कपाट उघड."

"साहेब, हुकूम उद्या यायचाय. तोवर तुम्ही..."

"उघड म्हणतो ना!"

देवरामनं मूठ उघडली. पण आता सावळाच दारात आडवा आला.

"सुतकी हात नाय लावायचा. पोर जाईल."

"अरे बाबा, मला सूतक नाही!"

"दारात सकाळपासून बाया रडतात, आन सूतक नाय?"

जिवा भगत पुढे झाला. "व्हय बाजूला. सूतक मी उतरवतो. डाक्टर, गेला कोन?"

"कोणी नाही!"

"नाव पायजे. नावाबिगर उतरत नाय."

झोळीतून बाळी कण्हली. पोतनीसांच्या तोंडून पहिलं आलं ते नाव बाहेर पडलं.

"बापूकाका."

"कोन लागतो?"

"सख्खे चुलते. पेणला असतात."

"असायचे," जिवानं दुरुस्त केलं.

त्यानं डॉक्टरांवर पाणी शिंपडलं, तांदूळ उधळले, काही पुटपुटला. सावळा बाजूला झाला. पोतनीस केसांत तांदूळ घेऊन आत धावले. त्यांनी मूल हातानं फिरवलं. दिवेलागणीच्या आत मुलगी झाली. मायलेकी दोघी जगल्या.

सकाळी जिल्ह्याचे साहेब जीपमधून स्वतः हुकूम घेऊन आले. आल्या आल्या त्यांच्या कानावर बारसं न झालेल्या मुलीचं रडणं पडलं.

"काल बाळंतपण झालं? कोणी केलं?"

देवराम कौलं निरखू लागला.

"म्या," जिवा भगत म्हणाला.

साहेब पोतनीसांवर घसरले. "सरकारी दवाखान्यात भगत? तुम्ही होतात कुठे?"

"त्यांना सूतक व्हतां," सुकरी म्हणाली.

साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "अरेरे. कोण गेलं?"

"बापूकाका," पोतनीस म्हणाले. चांगल्या धडधाकट माणसाला दुसऱ्यांदा मारताना त्यांची जीभ अडखळली. साहेबांना तो हुंदका वाटला.

हुकूम हातात पडला. मग साहेबांनी भगताला अडाणी उपचारांवर मोठं व्याख्यान दिलं. जिवानं प्रत्येक वाक्याला मान डोलावली. जीप वळणाआड गेल्यावर तो ओट्यावर येऊन टेकला.

"डाक्टरसायब, फुडल्या टायमाला कोनाला मारायचां, ते आधी ठरवून ठेवा. ऐन वक्ताला लय खोळंबा होतो."

पोतनीस आत गेले, आणि बाळीची नाडी पाहून झाल्यावर बापूकाकांच्या प्रकृतीची चौकशी करणारं कार्ड लिहायला बसले.